देवळालीची जागा कुणाची?



गेल्या पावसाळ्यात भगूरच्या बाजूला एका वस्तीतल्या समाजमंदिरात आमची बैठक होती. विषय रेशनकार्डाचा. लग्न होऊन आलेल्या सुनांची नावे माहेरच्या कार्डावरून कमी झालेली असतात आणि सासरच्या कार्डावर वर्षानुवर्षे चढत नाहीत, हे नेहमीचे दुखणे. अर्जाच्या प्रती कुणाकुणाला द्यायच्या याची यादी करताना मी सहज विचारले, "आपल्याकडचे आमदार कोण आहेत?" मागे भिंतीला टेकून बसलेल्या एका आजींनी क्षणभरही न थांबता सांगितले, "घोलप." दोघी-तिघींनी माना डोलावल्या. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "नाही गं आजी, आता बाई आहे. ती नाही का, बाळ घेऊन गेलेली नागपूरला."

आजींचे चुकले होते, पण फार नव्हे. आणि मुलगीचे बरोबर होते, पण तिलाही त्या बाईचे नाव, पक्ष, काम यातले काही आठवत नव्हते, फक्त बाळ आठवत होते. बैठकीहून परतताना बसमध्ये माझ्या डोक्यात ही दोन उत्तरेच घोळत होती. देवळाली मतदारसंघाचा गेल्या पस्तीस वर्षांचा इतिहास या दोन उत्तरांत आहे, आणि तो आपण बायकांच्या संघटनांनी कधी बसून वाचलेला नाही. निवडणुकीचे निकाल म्हणजे वर्तमानपत्राचे पहिले पान, ते पुरुषांनी चहा पिताना वाचायचे, अशी आपलीही समजूत असावी.

देवळाली म्हणजे लष्कराचा कॅम्प, भगूर, नाशिक तालुक्यातली बरीचशी खेडी आणि शहराचा नाशिक रोडकडचा काही भाग. जागा अनुसूचित जातींसाठी राखीव. १९९० साली इथून शिवसेनेचे बबनराव घोलप निवडून आले आणि १९९५, १९९९, २००४, २००९ असे सलग येत राहिले. युतीच्या सरकारात ते समाजकल्याणमंत्रीही झाले. पाच निवडणुका म्हणजे चोवीस वर्षे. १९९० मध्ये पहिलीत असलेली मुलगी २०१४ पर्यंत दोन लेकरांची आई झाली आणि तिने आमदार म्हणून एकच नाव ऐकले. २०१४ च्या मार्चमध्ये बेहिशेबी मालमत्तेच्या खटल्यात विशेष न्यायालयाने घोलपांना शिक्षा सुनावली. शिर्डीची लोकसभेची उमेदवारी हातातून गेली आणि त्याच वर्षी विधानसभेलाही त्यांना उभे राहता आले नाही. मग त्यांचा मुलगा योगेश उभा राहिला आणि निवडून आला.

इथे जरा थांबू. घोलपांची मुलगी नयना त्याआधीच नाशिकची महापौर होऊन गेलेली होती. शहराचा कारभार तिने पाहिला होता. विधानसभेची जागा मोकळी झाली तेव्हा ती मात्र मुलाकडे गेली. घरात काय बोलणे झाले असेल ते त्यांचे त्यांना माहीत, कदाचित तिलाच नको असेल. पण महाराष्ट्रातल्या किती तरी राजकीय घरांत हीच वाटणी दिसते. महापालिका, जिल्हा परिषद, बाजारसमितीतली महिलांची राखीव जागा मुलीला किंवा सुनेला, विधानसभा मुलाला. शेतीच्या सातबाऱ्यासारखेच आहे हे. मुलीला लग्नात काही तरी घालतात, जमीन भावांच्या नावावर राहते.

२०१९ मध्ये ही परंपरा तुटली. राष्ट्रवादी काँग्रेसच्या सरोज अहिरे यांनी योगेश घोलप यांचा चाळीस हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. एवढे मोठे अंतर कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. सरोजताई त्याआधी भारतीय जनता पक्षाच्या नगरसेविका होत्या, २०१७ च्या महापालिका निवडणुकीत आलेल्या. विधानसभेच्या तोंडावर त्यांनी पक्ष बदलला. त्यांचे वडील बाबुलाल अहिरे हेही पूर्वी आमदार होते. म्हणजे एका घराण्याचा मुलगा पडला आणि दुसऱ्या आमदाराची मुलगी आली, असे कुणी म्हणेल, आणि ते खोटे नाही. आमच्याच एका कार्यकर्तीने निकालाच्या दिवशी नाक मुरडले होते, "शेवटी बापाचंच नाव." मला तेव्हाही ते पटले नाही. वडिलांचे नाव घेऊन आलेल्या मुलाला आपण वारस म्हणतो आणि मुलीला 'बापामुळे आली' म्हणतो. शिवाय सरोजताईंच्या वडिलांची आमदारकी जुन्या काळातली, मध्ये तीस-एक वर्षे सत्ता दुसऱ्या घरात. त्या काळात त्यांच्याजवळ वडिलांच्या नावाखेरीज जे होते ते महापालिकेतले होते. वॉर्डात फिरलेली, गटारी आणि दिवाबत्तीवर भांडलेली बाई लोकांनी पाहिलेली होती. या मुद्द्याकडे मी पुढे परत येणार आहे.

आता त्या बाळाविषयी. डिसेंबर २०२२ च्या हिवाळी अधिवेशनाला सरोजताई अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूरच्या विधानभवनात गेल्या. सगळ्या वाहिन्यांनी दाखवले, सगळ्या पक्षांच्या पुढाऱ्यांनी कौतुक केले. दोन महिन्यांनी मुंबईत अर्थसंकल्पी अधिवेशन भरले तेव्हा बाळाला ठेवायचा हिरकणी कक्ष धुळीने भरलेला, कसलीही सोय नसलेला निघाला. त्या कॅमेऱ्यासमोर रडल्या. बाळ आजारी पडले तर काय करू, असे म्हणाल्या. मग धावपळ झाली आणि कक्ष सजला.

कौतुकाचा भाग सोडला तर यातून दिसते ते असे, की १९३७ पासून बायका निवडून जात असलेल्या विधिमंडळाला आमदार बाळंत होऊ शकते हे २०२२ पर्यंत सुचलेले नव्हते. कारण आजवर तिथे पोहोचायच्या त्या बहुतेक पोरेबाळे मोठी झालेल्या. हिरकणीची गोष्ट आपण शाळेत शिकलो. गडाचे दरवाजे बंद झाले म्हणून ती कडा उतरून लेकरापाशी गेली. गडावरच्या लोकांनी तिचे धाडस पाहून बुरूज बांधला म्हणतात. दरवाजा उघडा ठेवायची व्यवस्था केली, असे त्या गोष्टीत कुठे येत नाही.

आणि एक खटकते. विधानभवनातला कक्ष आमदार रडली म्हणून दोन दिवसांत नीट झाला. सरोजताईंच्याच मतदारसंघात द्राक्षबागेत छाटणीला, डिपिंगला जाणाऱ्या बाया बाळ झाडाला बांधलेल्या झोळीत ठेवतात, आणि शेजारी औषधाचा फवारा चालू असतो. अंबड-सातपूरच्या कारखान्यांतल्या कंत्राटी कामगार बायका दूध सुकायच्या गोळ्या घेतात, हे मी त्यांच्या तोंडून ऐकलेले आहे. त्यांच्यासाठी कुणी रडले तर कॅमेरा येत नाही. बाळ घेऊन सभागृहात गेलेल्या आमदाराकडून आमची अपेक्षा एवढीच होती की तिने तो प्रसंग स्वतःपुरता ठेवू नये. ती अपेक्षा आम्ही तिला जाऊन सांगितली का? नाही. त्या दिवसांत आमच्या एकाही संघटनेचे निवेदन तिच्या कार्यालयात गेले नाही. आम्ही फोटो एकमेकींना पाठवत बसलो.

२०२४ च्या निवडणुकीत देवळालीत जे झाले ते तर कुणी लिहून ठेवायला हवे. सरोज अहिरे अजित पवारांच्या राष्ट्रवादीकडून उभ्या. त्याच महायुतीतल्या शिंदेंच्या शिवसेनेने माजी तहसीलदार राजश्री अहिरराव यांना उमेदवारी दिली, आणि अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी पक्षाचा एबी फॉर्म नाशिकला हेलिकॉप्टरने आला. (याच भागातून रात्री-अपरात्री बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला गाडी मिळावी म्हणून आम्ही किती फोन केले आहेत, ते त्या हेलिकॉप्टरची बातमी वाचताना आठवले.) तिसरीकडे ठाकरेंच्या शिवसेनेकडून पुन्हा योगेश घोलप. निकालात सरोजताई पहिल्या, राजश्रीताई दुसऱ्या आणि घोलप तिसरे. राखीव मतदारसंघ, त्यात महिलांसाठी वेगळे आरक्षण काही नाही, आणि पहिल्या दोन्ही जागांवर दलित समाजातल्या शिकलेल्या दोन स्त्रिया. एक नगरसेविका होऊन आलेली, एक तहसीलदाराची खुर्ची सोडून आलेली.

नाशिक शहराच्या बाकीच्या जागा पाहिल्या तर चित्र आणखी उघडते. २००८ च्या फेररचनेनंतर शहरात पूर्व, मध्य आणि पश्चिम असे तीन मतदारसंघ झाले. २००९ मध्ये तिन्ही ठिकाणी मनसेचे पुरुष निवडून आले. २०१४ मध्ये मध्यमधून प्रा. देवयानी फरांदे आणि पश्चिममधून सीमा हिरे आल्या, दोघीही भाजपच्या. २०१९ ला त्याच, २०२४ लाही त्याच. मध्य मतदारसंघात २०१९ ला दुसऱ्या क्रमांकावरही एक स्त्रीच होती, काँग्रेसच्या डॉ. हेमलता पाटील. त्याही नगरसेविका होत्या. २०२४ ला आघाडीच्या जागावाटपात ती जागा ठाकरेंच्या शिवसेनेला गेली आणि उमेदवार म्हणून २००९ चे आमदार वसंत गिते उभे राहिले. पाच वर्षांपूर्वी दुसऱ्या आलेल्या बाईला जागाच उरली नाही. जागावाटपाच्या बैठकीत कुणाची 'पकड' आहे याची चर्चा होते, आणि पकड हा शब्द बाईच्या बाबतीत कुणी वापरत नाही.

तर आज शहराला लागून असलेल्या चार जागांपैकी तीन ठिकाणी स्त्री आमदार आहेत. सबंध विधानसभेत २८८ पैकी २०१९ मध्ये चोवीस स्त्रिया होत्या आणि २०२४ मध्ये तेवढ्याही राहिल्या नाहीत. त्या मानाने नाशिकने अभिमान बाळगावा असे वाटेल. पण जिल्ह्यात जागा पंधरा आहेत. उरलेल्या अकरांत, म्हणजे मालेगावच्या दोन्ही जागा, बागलाण, कळवण, चांदवड, येवला, सिन्नर, निफाड, दिंडोरी, नांदगाव, इगतपुरी यांत, २०१९ ला एकही स्त्री निवडून आली नाही आणि २०२४ लाही नाही. २०१४ मध्ये इगतपुरीहून निर्मला गावित आणि बागलाणहून दीपिका चव्हाण आल्या होत्या. दोन्ही आदिवासींसाठी राखीव जागा. म्हणजे दहा वर्षांत ग्रामीण जिल्हा दोनावरून शून्यावर आला. शहराच्या तीन जणींच्या फोटोमागे हे शून्य झाकले जाते.

हे जास्त लागते ते चांदवडमुळे. १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये याच जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी महिला आघाडीचे अधिवेशन भरले होते. खेड्यापाड्यांतून आलेल्या बायकांची एवढी मोठी सभा महाराष्ट्राने तोवर पाहिली नव्हती. जिल्हा परिषदेच्या सगळ्या जागा बायकांनी लढवायच्या, तीस-तेहतीस टक्के नव्हे, सगळ्या, असे तिथे ठरले. आमच्यातल्या ज्येष्ठ मैत्रिणी सांगतात की शहरातल्या स्त्री संघटनांना तेव्हा हे थोडे अवघडच वाटले होते. शेतकऱ्यांच्या पुढाऱ्याच्या मागे आलेल्या या बाया, यांना स्त्रीप्रश्न कितपत कळला असेल, अशी शंका. बायकांची ती सगळ्या जागांची लढाई झाली नाही, निवडणुकाच लांबल्या. पण पुढे १९९० मध्ये महाराष्ट्राने स्थानिक संस्थांत बायकांना तीस टक्के जागा दिल्या आणि १९९३ मध्ये घटनादुरुस्तीने देशभर एकतृतीयांश झाल्या, त्यामागे या बायकांच्या पावलांचा आवाज होता असे मला वाटते. चाळीस वर्षांनी त्याच चांदवडच्या, निफाडच्या, येवल्याच्या बाया विधानसभेच्या निकालात कुठेच नाहीत.

मग शहरातच का? माझ्या मते याचे उत्तर महापालिकेच्या वॉर्डात आहे. नाशिक महापालिकेची पहिली निवडणूक १९९२ ला झाली. २०११ च्या कायद्याने राज्यात स्थानिक संस्थांतल्या निम्म्या जागा बायकांच्या झाल्या, आणि २०१२ पासून १२२ नगरसेवकांत ६१ स्त्रिया बसू लागल्या. फरांदे, हिरे, अहिरे तिघीही याच सभागृहातून पुढे गेल्या. त्याआधी २००४ मध्ये जुन्या नाशिक मतदारसंघातून आमदार झालेल्या, पुढे राज्यमंत्री झालेल्या आणि २०२४ ला धुळ्याहून चार हजारांहून कमी मतांनी लोकसभेवर गेलेल्या डॉ. शोभा बच्छाव याही महापालिकेच्याच राजकारणातून वर आलेल्या. शहरात बाईला पहिली पायरी मिळते, ती वॉर्ड पायी फिरू शकते, सभागृह तिच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर असते आणि वर्तमानपत्रात तिचे नाव येते. खेड्यातल्या सरपंचबाईला हे काही मिळत नाही. तिच्या वतीने सही कोण करतो आणि ग्रामसभेत खुर्चीवर कोण बसतो, हे तुम्हां-आम्हांला माहीत आहे.

अर्थात शहरातली पायरीही धड नाही. आमच्या बचत गटातली एक ताई अशा राखीव जागेवर निवडून आली होती. पहिली दोन वर्षे नवऱ्यानेच मोबाइल सांभाळला. तिसऱ्या वर्षी तिने मोबाइल परत घेतला आणि पाण्याच्या टाकीसाठी आयुक्तांच्या दारात बसली. पाचव्या वर्षी आरक्षणाची सोडत झाली, जागा सर्वसाधारण निघाली, आणि पक्षाने तिकीट तिच्या नवऱ्याला दिले. चक्राकार आरक्षणाची ही गंमत आहे. बाई काम शिकते तोवर जागा फिरते. शिवाय २०१७ पासून नाशिकला चार जणांचा प्रभाग आहे. एका बॅनरवर चार चेहरे, त्यात दोन बायकांचे, आणि मते मागायला जाणारा बहुधा पाचवाच कुणीतरी. अशा प्रभागात बाई स्वतःच्या नावावर ओळखली जायला दुप्पट वेळ लागतो.

हे सगळे मान्य करूनही मी म्हणेन की ती पायरी होती. आणि मार्च २०२२ मध्ये ती काढून घेतली गेली. महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या मतदानापर्यंत, जवळपास चार वर्षे, नाशिकचा कारभार प्रशासकाकडे होता. जिल्हा परिषदेची मुदतही त्याच मार्चमध्ये संपली. देवळाली कॅन्टोन्मेंट बोर्डाची तर शेवटची निवडणूक २०१५ ची. २०२३ मध्ये मतदानाची तारीख जाहीर झाली आणि नंतर रद्द झाली. ओबीसी आरक्षणाचा खटला, प्रभागांची रचना, जनगणना, कारणे बरीच सांगितली गेली. त्यावर पक्ष भांडले, वकील भांडले. एकसष्ट बायकांना एका रात्रीत घरी पाठवले गेले याबद्दल कुणी अवाक्षर काढले नाही. आम्हीही नाही. २०२४ ची विधानसभा झाली तेव्हा शहरात एकही नगरसेविका पदावर नव्हती. त्याच तीन जणी पुन्हा निवडून आल्या याचा आनंद मानावा की त्यांच्या मागे चौथी का तयार झाली नाही याची काळजी करावी, असा मला प्रश्न पडतो. पुरुष कार्यकर्ता चार वर्षे पद नसताना टपरीवर, मंडळात, सोसायटीत टिकून राहतो. बाईचे पद गेले की तिला घरात 'आता पुरे' म्हणायला लोक टपलेलेच असतात. आमची ती ताई आता शिवणाचे काम करते. जानेवारीत तिकीट मागितलेस का, असे विचारले तर हसली.

देवळालीची जागा राखीव आहे, त्याविषयीही बोलायला हवे, कारण आपल्या संघटनांत ते कमी बोलले जाते. २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांचे नाव आपण घेतो. त्या सत्याग्रहात बायका होत्या, त्यांनी मार खाल्ला, तुरुंगात गेल्या. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकासाठी गावोगाव फिरून आंबेडकरी चळवळीतल्या बायकांच्या आठवणी गोळा केल्या नसत्या तर त्या कुणाला माहीतही झाल्या नसत्या. राखीव जागा त्या लढ्याच्या पोटातून आल्या. पण १९३२ च्या पुणे करारापासून राखीव जागेवरचा उमेदवार सगळ्या जातींच्या मतांवर ठरतो. दलित उमेदवाराला सवर्ण गावांच्या, तिथल्या पुढाऱ्यांच्या पसंतीस उतरावे लागते. दलित स्त्रीला तर त्यांच्याही आणि आपल्या समाजातल्या पुरुषांच्याही. देवळालीत दोन दलित स्त्रिया पहिल्या-दुसऱ्या आल्या याचा अर्थ दलित बायकांचे प्रश्न विधानसभेत गेले असा लगेच लावता येत नाही. ते तसे जातील की नाही हे त्यांच्यामागे कोण उभे आहे यावर आहे. आज पक्ष उभा आहे. आपण नाही.

१९९६ च्या सप्टेंबरमध्ये महिला आरक्षणाचे विधेयक पहिल्यांदा लोकसभेत आले, गीता मुखर्जींच्या समितीने ते तपासले, तेव्हा आमच्यातल्या कितीतरी जणी शाळेतही जात नव्हत्या. २०१० ला ते राज्यसभेत मंजूर होऊन अडकले. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये कायदा झाला, पण अंमलबजावणी पुढच्या जनगणनेनंतरच्या मतदारसंघ फेररचनेला बांधून. आजच्या संख्येने हिशेब केला तर महाराष्ट्रात ९६ जागा बायकांच्या होतील, आणि अनुसूचित जातींच्या २९ जागांपैकी नऊ-दहा. त्यात देवळाली असेल की नसेल, तिच्या हद्दी कोणत्या असतील, आज सांगता येत नाही. ज्या दिवशी ती यादी लागेल त्या दिवशी संध्याकाळपर्यंत प्रत्येक पुढाऱ्याच्या घरात सुनेचे, मुलीचे, बायकोचे नाव ठरलेले असेल. त्यांच्याकडे नावे तयार आहेत.

आपल्याकडे एकही नाव नाही, हे मी कुणाला दोष द्यायला लिहीत नाही. ऐंशी-नव्वदच्या काळात निवडणुकीपासून दूर राहणे ही आपली ठरवून घेतलेली भूमिका होती, आणि तिला कारणे होती. पक्षांनी चळवळीतल्या बायकांना वापरून घेतल्याचे अनुभव होते. पण आमच्या पिढीकडे ती भूमिका आली ती सवय म्हणून आली. आम्ही समाजकार्याची पदवी घेतली, प्रकल्प लिहिले, बचत गटांना प्रशिक्षणे दिली, त्यात 'नेतृत्व विकास' असा एक दिवस असतो. त्या दिवशी आम्ही बायकांना दोरीचा खेळ खेळायला लावतो. उमेदवारी अर्जाचा नमुना, शपथपत्रातले रकाने, मतदारयादीचा भाग क्रमांक, यातले काहीही आजवर मी एका प्रशिक्षणात शिकवलेले नाही, आणि मला स्वतःलाही ते परवापरवा कळले. २०२४ च्या ऑगस्टपासून लाडक्या बहिणीचे दीड हजार खात्यात येऊ लागले, तेव्हा अर्ज भरून द्यायला मात्र आमच्या अंगणात रांगा होत्या आणि आम्ही ते काम मन लावून केले. बायकांनी त्या पैशांत औषधे आणली, मुलांची फी भरली, मी त्याला नावे ठेवणार नाही. पण त्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला आम्ही लाभार्थी म्हणून पाहिले, मतदार म्हणूनसुद्धा नाही, उमेदवार तर दूरच.

या वेळी आमच्या गटाने एक छोटे काम हाती घेतले आहे. तिन्ही स्त्री आमदारांनी २०२४ च्या निवडणुकीत भरलेली शपथपत्रे, विधानसभेत विचारलेले प्रश्न, आमदार निधीतून झालेली कामे, एवढे गोळा करून वस्त्यांतल्या बैठकींत वाचायचे. त्यात दारूच्या दुकानाचा, दवाखान्यातल्या प्रसूतिकक्षाचा, एसटीच्या बंद फेऱ्यांचा, घरातल्या मारहाणीच्या तक्रारीचा प्रश्न कितीदा आला, ते बायकांनी स्वतः मोजायचे. टाळ्या वाजवण्यासारखे असेल तिथे वाजवायच्या. आणि मग ते कागद घेऊन त्या तिघींकडे जायचे, तक्रार करायला नव्हे आणि हार घालायलाही नव्हे. उरलेल्या अकरा मतदारसंघांतल्या मैत्रिणींनी आपापल्या आमदारांचे असेच वाचन केले तर पुढच्या अंकात ते छापता येईल.

भगूरजवळच्या त्या बैठकीचे सांगायचे राहिले. बाळाची आठवण काढणारी ती मुलगी शेवटी माझ्यापाशी आली आणि तिने विचारले, "ताई, आमदारकीला उभं राहायला किती पैसे लागतात?" आजूबाजूच्या हसल्या. मी सांगितले, अनामत दहा हजार, आपल्या समाजाच्या उमेदवाराला पाच हजार. आजी हसल्या नव्हत्या. त्यांनी विचारले, "पाचच?" मी म्हटले, "अनामत पाच. खर्चाची मर्यादा चाळीस लाख." खोलीत सगळ्या गप्प झाल्या. कुणीतरी चटई गुंडाळू लागली. मुलीने आपल्या रेशनच्या अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दोन्ही आकडे लिहून घेतले आणि मग लक्षात आले की तो अर्ज तर द्यायचा आहे, म्हणून माझ्याकडून दुसरा घेतला.